सरांनी वाटलेली शहरं

सरांनी मला सिएना दिलं, त्या दिवसापासून माझं आणि फ्लॉरेन्सचं बिनसलं. फ्लॉरेन्स म्हणजे आमच्या तुमसरातल्या मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्याआधी आमचं चांगलं होतं. माझी पुतणी त्यांच्या हाताखाली शिकली, त्यांच्या घरचा वर्षाचा तांदूळ माझ्या मिलमधून जायचा. मी राइस मिल चालवणारा माणूस. धान, कोंडा, हमाल आणि विजेचं बिल एवढंच माझं जग. इटलीशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण सरांच्या तावडीत सापडल्यावर कारण वगैरे लागत नसे.

सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे मागच्या बाकावरचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळ काढलं, 'युरोपीय रेनेसाँ अभ्यास मंडळ, तुमसर'. मी विचारलं, प्रबोधन हा चांगला मराठी शब्द असताना हे परकं नाव कशाला? सर म्हणाले, "प्रबोधन लिहिलं तर लोक दारू सोडायला येतील." रेनेसाँ लिहिल्यामुळे कोणीच आलं नाही, ते वेगळं. मग सरांनी आपले जुने विद्यार्थी हुडकून काढले आणि एकेकाला घरी जाऊन पकडलं. मला तर त्यांनी मिलमध्ये, भर हंगामात, ट्रक खाली होत असताना गाठलं. म्हणाले, "तुझ्याकडे खोली आहे." मी म्हटलं, आहे. म्हणाले, "म्हणजे तू मंडळात आहेस."

खोली होती खरी. तांदळाचे नमुने तपासायची, कोपऱ्यात तराजू, भिंतीवर कोंड्याची पांढुरकी धूळ. दर रविवारी सकाळी तिथे सभा. सर यायचे ते आधी खिडकी पाहायचे. उजेड डावीकडून यायला हवा, असा त्यांचा हट्ट, कारण त्या काळच्या चित्रांत बहुधा तसा येतो. खिडकी उजवीकडे होती. खिडकी काही हलणार नव्हती, म्हणून दर रविवारी आम्ही सगळ्या खुर्च्या फिरवायचो, आणि सोमवारी माझा मुनीम शिव्या देत त्या परत लावायचा.

शहरं वाटली ती पहिल्याच सभेत. सरांचं म्हणणं असं की, लांबून कौतुक करणाऱ्याला इतिहास कळत नाही. ज्याला एखाद्या गावाचा अभिमान आहे आणि शेजारच्या गावाचा राग आहे, त्यालाच तो कळतो. म्हणून प्रत्येकाला त्या काळातलं एक शहर, जन्मभरासाठी. त्या शहरानं जे केलं त्याचं उत्तर त्यानं द्यायचं. बाजार समितीतले धान्याचे अडते आहेत आमचे एक शेठ, त्यांना व्हेनिस दिलं, कारण ते शहर व्यापारावर जगलं. एकोडीचा एक धानवाला शेतकरी होता, सरांचाच जुना विद्यार्थी. त्याचं घर तलावाच्या पाळीवर, बांधालगत. मांतुआ शहरही तळ्यांच्या वेढ्यात आहे, म्हणून त्याला मांतुआ. बाईंना फ्लॉरेन्स मिळालं, कारण चित्रकला. मला मनातून फ्लॉरेन्स हवं होतं. नाव तरी लोकांनी ऐकलेलं असतं. सरांनी मला सिएना दिलं.

मी विचारलं, "सर, हे काहून?"

"फ्लॉरेन्सनं शेवटी सिएनाला गिळलं," सर म्हणाले. "हरलेल्याच्या बाजूनं भांडायला तुझ्यासारखाच माणूस लागतो. तू बिलावरून वीज कंपनीशी भांडतोस, मी ऐकलं आहे."

ही स्तुती होती की काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण घरी येऊन वाचायला लागलो, आणि खोटं कशाला बोलू, डोकं तापायला लागलं. काय लोक होते ते फ्लॉरेन्सचे. बाई शाळेत जाताना मिलवरून जायच्या, तेव्हा मला वाटायचं, चालल्या बघा, आमचं गाव गिळून.

सरांनी मात्र शहर घेतलं नव्हतं. आम्ही विचारलं की म्हणायचे, "शोधून राहिलो." एकदा व्हेनिसनं सुचवलं की रोम रिकामं आहे. सर म्हणाले, रोमला पोप लागतो, आणि माझी सून मला घरात पंख्याचं बटणसुद्धा लावू देत नाही.

सर मूळचे दिघोरीकडचे, धानाच्या घरातले. सभेत बोलायचे ती भाषा छापील पुस्तकाची. मला सभेत 'आपण' म्हणत, सभा संपली की 'अबे'. आणि चिडले की सगळं छापील गळून पडायचं. एकदा व्हेनिसनं निबंध वाचताना कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेलं वाचलं. सर उभे राहिले. "कोठून आणलं जी हे? कोणी सांगतलं तुमाले? मुळाशी गेलते का तुमी?"

मुळाशी जाणं हा त्यांचा मंत्र होता. त्या काळचे पंडित म्हणे असेच, दुसऱ्यानं सांगितलेलं मानायचे नाहीत, जुनी पोथी स्वतः उघडून पाहायचे. सरांनी तो नियम सगळीकडे लावला. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला की यंत्राचा काटा स्वतः बघणार. भाजीवाल्यानं वांगी आजची आहेत म्हटलं की कोणाच्या वाडीतली ते विचारणार. एकदा बातमी आली की त्यांचे जुने सहकारी वारले. शोकसभा ठरली, फ्लेक्सही लागला. सर म्हणाले, मुळाशी गेल्याशिवाय मी श्रद्धांजली वाहणार नाही. मला स्कूटरवर बसवून त्यांच्या घरी घेऊन गेले. बेल वाजवली तर ते सहकारी स्वतः दार उघडायला आले, हातात चहाचा कप. वारला होता तो त्याच नावाचा दुसरा माणूस. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस?" आणि त्या माणसाला कशासाठी आलो ते न सांगताच आम्ही चहा पिऊन परत आलो. फ्लेक्स चौकात होताच. तो त्या सहकाऱ्यांनी संध्याकाळी भाजी आणायला जाताना पाहिला.

दुसरं वेड फोटोचं. सर समोरून फोटो काढू देत नसत. त्या काळच्या थोरामोठ्यांची चित्रं पाहा म्हणायचे, कोणी असा सरळ बघतो का? खांदा थोडा वळलेला, नजर तिरपी, चेहऱ्याचा एक भाग सावलीत. आधार कार्ड काढायला गेले तेव्हा ऐन वेळी ते खुर्चीत अर्धे वळून बसले. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, समोर बघा नं." सर म्हणाले, "बाळा, तू उजेड कोणत्या बाजूनं घेतलास?" मागे रांग दारापर्यंत गेलेली. ती बिचारी सांगत होती की मशीन घेत नाही, आणि सर तिला सांगत होते की मशीनला चित्रकला कळत नाही हा मशीनचा दोष. शेवटी मीच त्यांची मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली. त्या कार्डावर सर असे दिसतात की कोणीतरी त्यांचा गळा धरला आहे. ते खरंच आहे म्हणा.

आता मंडळाचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सगळी शहरं हजर असल्याशिवाय सभा भरायची नाही. एक जरी नसलं तरी सभा तहकूब. आम्हाला हा नियम जाचाचा वाटायचा. मांतुआ एकोडीहून मोटरसायकलवर यायचा, रोवणीच्या दिवसांत पायाला चिखल तसाच घेऊन यायचा, पण यायचा. मी एकदा म्हटलं, सर, एखादा नसला तर काय बिघडतं? सर म्हणाले, "मी आजवर बरीच मंडळं काढली. एक जण नसला तरी चालतं असं ज्या दिवशी म्हटलं, त्या दिवसापासून मंडळ मरायला लागलं. हे माझं शेवटचं आहे. हे मरू द्यायचं नाही." सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात, आणि मुलाच्या घरात सर म्हणजे पुस्तकांमुळे झुरळं होतात अशी तक्रार. त्यांचं जे काही होतं ते रविवारी सकाळी माझ्या त्या धुळीच्या खोलीत होतं.

आणि आम्ही दोघांनी ते बंद पाडलं.

झालं असं की, सिएनाच्या इतिहासात मला एक लढाई सापडली. मोंतापेर्ती नावाच्या ठिकाणी सिएनानं फ्लॉरेन्सला असं झोडपलं की त्यांचा झेंडा आमच्या लोकांनी गाढवाच्या शेपटीला बांधून फिरवला. गाढवाच्या शेपटीला. मी वाचून मिलमध्ये एकटाच हसलो. तारीख पाहिली तर ती नेमकी शिक्षक दिनाच्या आदल्या दिवसाची. मी पेढ्यांचा डबा घेतला आणि बाईंच्या शाळेत गेलो.

बाईंना वाटलं, शिक्षक दिनाचे. "अय्या, माजी विद्यार्थ्यांना नाही सुचलं, तुम्हाला सुचलं," म्हणाल्या. दोन खाल्ले. मुख्याध्यापिकांना बोलावून दिले. मग विचारलं, "पण आज काहून? उद्या आहे नं?"

मी म्हटलं, "हे तुमच्या पराभवाचे आहेत. मोंतापेर्ती."

त्यांचा हात डब्यावरच थांबला. मी गाढवाचंही सांगितलं.

त्या रविवारी बाई सभेला आल्या नाहीत. पुढच्याही नाही. मी निरोप पाठवला की, बाई, चेष्टा होती. त्यांचं उत्तर आलं, "खाल्ल्यावर सांगितलंत, ही सिएनाची रीत." आता तुम्ही म्हणाल, माफी मागायची होती. का म्हणून? लढाई आम्ही जिंकली होती. ती काही मी मिलमध्ये बसून रचली नव्हती.

सर आमच्यावर रागावले नाहीत. उलट खूश. "इतक्या शतकांनी तुमसरात कोणाला तरी त्या लढाईचा राग आला, मास्तराला अजून काय पाहिजे?" त्यांचा आक्षेप एवढाच होता, की मोंतापेर्तीची लढाई रेनेसाँच्या बरीच आधीची आहे, मंडळाच्या कालखंडात बसत नाही. पण सभा भरवायला ते तयार नव्हते. नियम तो नियम.

दर रविवारी सर वेळेवर यायचे. आम्ही खुर्च्या फिरवायचो. सर हजेरी घ्यायचे, व्हेनिस, मांतुआ, सिएना, फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सपाशी थांबायचे. दाराकडे बघायचे. चहा गार व्हायचा. मग "सभा तहकूब" म्हणून काठी उचलून निघायचे. दिवाळी गेली, मंडईची जत्रा गेली, थंडी गेली. एकोडीहून येणारा मांतुआ मला बाजूला घेऊन म्हणायचा, "भाऊ, मी इतक्या लांबून गार चहा प्याले येतो का जी?"

ऐन उन्हाळ्यात बाईंनी उत्तर दिलं. सिएना ज्या दिवशी फ्लॉरेन्सच्या हाती पडलं, त्या दिवशी सकाळी माझ्या मिलच्या फाटकावर पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र येऊन लागलं, वर पट्टी, 'भावपूर्ण श्रद्धांजली, सिएना'. हमालांना सिएना कोण ते माहीत होतं. सरांनी साऱ्या गावात माझी त्याच नावानं ओळख करून दिली होती. हमालांना वाटलं, मालक गेला. मिल बंद करून ते घरी गेले. मी दहाच्या सुमारास आलो तर मुनीम ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेला. मला पाहून त्याची बोबडी वळली.

मुनीमच ठाण्यात गेला तक्रार द्यायला, की जिवंत माणसाला हार पाठवला. ठाणेदार नवीन होते, शांत माणूस. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"वाद कशाचा आहे?"

"मोंतापेर्तीचा," बाई म्हणाल्या.

ठाणेदारांनी वहीत लिहिलं. मग वर पाहिलं. "कोणत्या तालुक्यात येतं हे? साकोली का लाखांदूर?"

मी म्हटलं, "इटलीत, साहेब."

"तिथे शेती आहे का तुमची?"

"नाही."

"तुमची, मॅडम?"

"नाही."

ठाणेदारांनी पेन ठेवलं आणि आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं. जाताना शिपायाला म्हणाले, दोघांच्या घरच्यांना कळवा जरा लक्ष ठेवायला.

सगळ्या गावात हसू झालं. आम्हाला वाटलं सरही हसतील. पण त्याच आठवड्यात सर न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. पुण्याहून मुलगी आली आणि तिनं ठरवलं, आता बाबा पुण्यालाच. बरं होतं ते. पण मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा सर माझ्याशी खुब्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "एक सभा घ्यायची राहिली बे." मुलगी बाजूला उभी होती. तिनं विचारलं, "तुम्हीच सिएना का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बाबा भुलीतून जागे झाले तेव्हा आधी तुमची हजेरी घेतली. मग म्हणाले, फ्लॉरेन्स नाही, ऑपरेशन तहकूब करा. तोवर झालं होतं."

मला त्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, रडू आलं. मी ते लपवलं नाही.

तह मांतुआनं जमवला. जागा दोन्हीपैकी कोणाची नको म्हणून एकोडी, त्याच्या घरापुढची तलावाची पाळ. पाणी आटून मधोमध आलेलं, काठाला म्हशी. बाई व्हेनिस शेठांच्या गाडीतून आल्या. आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो आणि मांतुआ मधे उभा राहून इकडचं तिकडे सांगायचा, जरी सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "त्यांना सांग, चक्र पाठवणं अशुभ होतं."

"बाई, भाऊ म्हणते का चक्कर अशुभ होतं."

"त्यांना सांग, पेढे खाऊ घालून गाढव सांगणं काय शुभ होतं?"

"भाऊ, बाई म्हणते..."

"ऐकलं मी."

असं बराच वेळ चाललं. व्हेनिस शेठ तेवढ्यात आपल्या अटी घालत होते. मध्यस्थ म्हणून त्यांना सभेतली कूलरजवळची खुर्ची कायमची पाहिजे होती. व्हेनिस दुसरं काय करणार म्हणा. शेवटी मांतुआच चिडला. "मले धानाचे पऱ्हे टाकाले नांगरणी करा लागते जी, बिजाई भिजवून ठेवली आहे. तुमी भांडून राहिले, तिकडे तो मास्तर पुण्याले जाऊन राहिला. तुमाले लाज नाई वाटत, पण मले तुमची वाटते."

बाई वळल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला राग पेढ्यांचा नव्हता. त्या शाळेत वीस-बावीस वर्षं मी कागद-पेन्सिल वाटते आहे. मंडळात मी फ्लॉरेन्स होते. तिथेही तुम्ही माझी फजिती केलीत." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सरांना काही झालं तर मी तुम्हाला कधी सोडणार नाही."

मी म्हटलं, "मीही."

झाला तह. अटी अशा ठरल्या: मी मोंतापेर्ती हा शब्द सभेत पुन्हा काढायचा नाही. बाईंनी सिएनाच्या पतनाबद्दल दरवर्षी दोन शब्द सहानुभूतीचे बोलायचे. कूलरजवळची खुर्ची व्हेनिसला. मांतुआनं आपल्यासाठी काही मागितलं नाही, फक्त चहा गरम पाहिजे म्हणाला.

पुण्याला निघायच्या दिवशी सरांना मिलच्या खोलीत आणलं ते चार माणसांनी खुर्चीसकट उचलून. मुलगी मागे, तिला गाडीची घाई. सरांनी आत येताच खिडकी पाहिली. खुर्च्या फिरवलेल्या होत्या. मग बाई दिसल्या. सरांनी काही विचारलं नाही, फक्त हजेरी घ्यायला बाईंनाच सांगितलं.

"व्हेनिस."

"हजर." कूलरजवळून.

"मांतुआ."

"आहो जी."

"सिएना."

"हजर."

"फ्लॉरेन्स हजर," बाई म्हणाल्या, आणि सरांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना दुखतंय. पण ते हसत होते.

मग सरांनी छापील भाषेत सुरुवात केली. आधीच्या काळात दूत जायचा, निरोप द्यायचा आणि परतायचा. दुसऱ्याच्या गावात कायमचं बिऱ्हाड करून राहायचं, तिथली खबर घरी पाठवत राहायची, ही पद्धत इटलीतल्या या शहरांनी पाडली. तो माणूस परक्या गावात राहायचा, पण असायचा आपल्या गावाचा. आणि परत येऊन, सभेपुढे उभं राहून अहवाल वाचल्याशिवाय त्याचं काम संपायचं नाही. "मला पुण्याला असं जायचं आहे," सर म्हणाले. "पण अडचण आहे. दूताला आधी शहर पाहिजे. माझ्याकडे नाही."

बाहेर माझा धान सडायचा हलर चालू होता, तो मी हात करून बंद करायला लावला.

मांतुआ म्हणाला, "तुमसर घ्या नं जी."

सर बघतच राहिले. मग एकदम त्यांना आठवलं. "तुमसर कालखंडात बसत नाही."

"मोंतापेर्ती तरी कुठे बसत होती?" मी म्हटलं. तह मोडला तो तिथेच. पण बाईंनी हात वर केला. मग व्हेनिसनं, मग मांतुआनं, मग मी. दारातून सरांच्या मुलीनंही केला, तिला मत नव्हतं तरी.

सरांची छापील भाषा गेली. "मले वाटे, मले नेऊन राहिले," ते म्हणाले. "आता मी जाऊन राहिलो. तुमी पाठवलं म्हणून."

पुण्याहून सरांच्या खबरी यायच्या त्या फोनवर, मंडळाच्या ग्रुपवर, स्वतःच्या आवाजात. रविवारी सभेत आम्ही त्या तराजूवर फोन ठेवून ऐकायचो, तीच तुमसरची हजेरी. "तुमसरच्या सभेस पुण्याहून दूताचा नमस्कार. येथे सत्ता सोसायटीच्या अध्यक्षाच्या हाती आहे. पार्किंगवरून दोन घराण्यांत वैर आहे. दोघांनी मला आपल्या बाजूस ओढून पाहिले. मी तुमसरचे हित लक्षात ठेवून गप्प राहिलो." दुसऱ्या वेळी, "येथे भात शेवटी वाढतात, तोही वाटीभर. या लोकांशी कायमचा तह शक्य दिसत नाही." जावयाबद्दल, "यांचा कल अजून कळला नाही. क्रिकेट पाहतात." आणि बहुतेक प्रत्येक खबरीच्या शेवटी, "माझ्या खोलीत उजेड उजवीकडून येतो. पलंग फिरवण्याची मागणी केली आहे. उत्तर नाही."

दोन पावसाळे गेले. आवाज बारीक होत गेला. एका रविवारी खबर अगदी छोटी आली. "पलंग फिरवला. ठीक आहे आता."

मुलीचा फोन आला तेव्हा धानाचा ट्रक खाली होत होता. मी चपला तशाच सोडून शाळेत गेलो. बाई वर्गावर होत्या. मी दारात उभा राहून सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "मुळाशी गेलात?"

"मुलीनंच सांगितलं."

"मग खरं असेल," बाई म्हणाल्या. वळून फळ्यावर अर्धी राहिलेली सुरई त्यांनी पूर्ण केली, दुसरी बाजूही पहिल्यासारखी, मग बाहेर येऊन व्हरांड्यात खाली बसल्या. मी शेजारी बसलो. आमच्या मिलवर मजूर माझी वाट पाहत होते, पाहू दे म्हटलं.

कोणीतरी म्हणालं, मंडळातर्फे फोटो लावा. समोरून काढलेला एकच होता, आधार कार्डावरचा. तो आम्ही चौघांनी नामंजूर केला.

त्या रविवारी सगळे आले. मी खुर्च्या फिरवल्या. सरांची खुर्ची खिडकीशी, थोडी तिरपी. चहा गरम होता, कोणी घेतला नाही. मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, की तुमसर आता मंडळातलं एक शहर आहे, आणि सगळी शहरं हजर असल्याशिवाय सभा भरत नाही. सरांनीच केलेला नियम. त्या नियमानं मंडळ आज संपत होतं.

बाई हजेरीला उभ्या राहिल्या. व्हेनिस. मांतुआ. सिएना. फ्लॉरेन्स. मग जरा थांबून, आवाज शक्य तितका सरळ ठेवून, त्या म्हणाल्या, "तुमसर."

हलर बंद होता.

मांतुआनं घसा साफ केला. "कामगिरीवर हायेत जी," तो म्हणाला. "अहवाल वाचाचा राह्यला."

बाईंनी त्या तिरप्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे, सर पाहायचे तसं. डोळे पुसले.

"सभा सुरू," त्या म्हणाल्या. "सिएनानं बोलावं. थोडक्यात."